दादाच्या मापाची परिषद

"या परिषदेत जगातल्या कुणासाठीही एकही दार बंद राहणार नाही!" अध्यक्षांनी हात उंचावून जाहीर केलं, टाळ्या घेतल्या आणि व्यासपीठामागच्या दारातून रुबाबात बाहेर पडायला निघाले. दार बंद होतं. किल्ली पहारेकऱ्याकडे होती आणि पहारेकरी चहाला गेला होता. अध्यक्षांनी कडी हलवून पाहिली, खांद्याने एक हलकासा धक्का देऊन पाहिला, आणि मग एखादा मुद्दा सांगायचा राहून गेल्यासारखा चेहरा करून माइककडे परत आले. सभागृहातल्या दोन हजार ग्रंथपालांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना 'शू' करण्यात गेलेली ती मंडळी. आवाज करायची आलेली संधी ती कशाला सोडतील?

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या फूटपट्टीने कपाळावर हात मारून घेतला. इमारतीतलं दार अन् दार त्याने मोजलं होतं. हे एवढं राहिलं, कारण ते अपंगांसाठी नव्हतं, अध्यक्षांसाठी होतं.

फूटपट्टी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. परिषदा भरवून देणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता, आणि येणाऱ्या अपंग पाहुण्यांची सोय बघणं हे त्याचं काम. उतार, दारं, स्वच्छतागृहं, खाणाखुणांची भाषा करणारे दुभाषे, पडद्यावर भाषण लिहून दाखवणारे लोक, सगळं त्याच्या गळ्यात. खिशात कायम मोजायची टेप. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा टेबलाची उंची मोजतो, असं त्याची बायको सांगत असे, आणि ते खरं होतं.

पण या खात्याचा खरा मुख्य अधिकारी घरी बसलेला असे, आणि त्याला पगार नव्हता. तो म्हणजे फूटपट्टीचा थोरला भाऊ. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. एका सकाळी दुकानात बसल्या बसल्या त्याची उजवी बाजू गेली आणि तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत आला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे भावाच्याच घरी. कुठलीही परिषद असो, आदल्या दिवशी फूटपट्टी दादाला गाडीत घालून सभागृहात आणायचा आणि दादा तिथे मनसोक्त शिव्या द्यायचा.

"पट्ट्या, हा उतार आहे की घसरगुंडी? माणसाला वर न्यायचंय की वर पाठवायचंय?"

मग उतार बदलायचा. दादा पुन्हा चढायचा, डाव्या हाताने चाक रेटत, डाव्या पायाने जमीन ढकलत, आणि वर पोचला की नाक उडवून म्हणायचा, "चालेल." या 'चालेल'ला कंपनीत 'दादा पास' म्हणत. सरकारी शिक्क्यापेक्षा त्याचा दरारा मोठा होता.

ग्रंथपालांच्या परिषदेची तयारी सुरू व्हायच्या आधीच दादा गेला.

फूटपट्टी सुट्टी संपवून कामावर आला. लोक भेटायला आले, त्यांना त्याने "हो, हो" म्हटलं आणि सभागृहाचा नकाशा मागवला. मन घट्ट आहे बघा, असं सगळे म्हणाले. घरी बायको मात्र बघत होती. एका सकाळी दादाची रिकामी खुर्ची तो टेंपोत चढवायला लागला तेव्हा तिने विचारलंच.

"अहो, ती दवाखान्याला देऊन टाकायची म्हणाला होतात ना?"

"देऊ. परिषद होऊ दे."

"परिषदेचा आणि तिचा काय संबंध?"

"तपासायला नको का सगळं?"

तिने खुर्चीवरची गादी तेवढी झटकून दिली.

सभागृहात पोचल्यावर फूटपट्टी स्वतःच त्या खुर्चीत बसला. उजवा हात त्याने पँटच्या खिशात खोचला, उजवा पाय लाकडासारखा सोडून दिला, मान डावीकडे कलती केली आणि दादासारखाच चाक रेटत निघाला. दिवसभर तो असा हिंडला. मिस्त्री मागोमाग होता. साहेबांना काय झालंय ते त्याला कळत होतं, पण स्क्रू पिळणं सोडून त्यावर दुसरा काही इलाज त्याच्याजवळ नव्हता.

"साहेब, आधाराचे दांडे प्रत्येक ठिकाणी दोन-दोन आणलेत. उजवीकडचा कुठे लावू?"

"उजवीकडे कशाला?" फूटपट्टीने खरोखरच्या आश्चर्याने विचारलं. "तिकडचा हात कुठे चालतोय?"

मिस्त्रीने उजवीकडचे दांडे गुपचूप पोत्यात भरले. संध्याकाळी सगळं मनासारखं झालं तेव्हा रिकाम्या व्हरांड्यात फूटपट्टी नाक उडवून मोठ्याने म्हणाला, "चालेल."

आणि आता परिषदेचा पहिला दिवस उजाडला होता, आणि काहीच चालत नव्हतं.

कुबड्या घेतलेला एक दाढीवाला ग्रंथपाल पहिल्यांदा आला. "काय हो, इथली सगळी दारं डावखुऱ्यांनी बसवलीत का?" मग आणखी एक जण पाण्याच्या नळाची तक्रार घेऊन आला; नळ उंच माणसाच्या हाताला लागेल असा होता. मग तीन खुर्चीवाले एकदमच आले. त्यांच्या जागा पहिल्या रांगेत होत्या खऱ्या, पण सगळ्या डाव्या कोपऱ्यात, दाराला खेटून.

"आम्ही भाषण टाकून पळून जाणार असं वाटलं की काय तुम्हाला?"

"पळावंसं वाटेल," फूटपट्टी म्हणाला. दादाला भाषणाला बसवलं की तो दर वेळी पळायचा.

ते हसले. फूटपट्टी हसला नाही. त्याने सगळ्यांना "करतो, करतो" म्हटलं आणि काहीच केलं नाही. मिस्त्री दोनदा विचारून गेला, दोनदा त्याने "थांब जरा" म्हणून परत पाठवलं. एकेक दांडा उखडायचा म्हणजे काय उखडायचं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

दुपारी स्वच्छतागृहाकडून हाक आली. हाक कसली, हुकूमच. "ही सोय कुणी केलीय? बोलवा त्यांना!"

आत चाकांच्या खुर्चीत एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बसली होती. दार सताड उघडं.

"या, या. लाजू नका. मी काही सुरू केलेलं नाही अजून. तुम्हीच का ते?"

"हो. दांडा उजवीकडे हवा होता ना? करतो."

"थांबा हो. मी तक्रार नाही करत, चौकशी करतेय. चाळीस वर्षं मी पुस्तकांची नोंदणी केली. पहिलं पान फाटलेलं असलं, लेखकाचं नाव नसलं, तरी मजकूर वाचून सांगायचे कोण ते. इथे मघापासून बसून वाचतेय." तिने भिंतीकडे बोट केलं. "माणूस उंच आहे. डावा हात दणकट. उजवा नाहीच. कागदाची गुंडाळी, साबण, कडी, सगळं एका हाताच्या टप्प्यात. कुणीतरी फार मायेने लावलंय हे. बायको?"

"भाऊ," फूटपट्टी म्हणाला. "धाकटा."

"आणि माणूस चिडका."

"ते कशावरून?"

"ती दोरी." पडलं तर ओढायची, बाहेर घंटा वाजवणारी लाल दोरी वर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली होती. "जमिनीपर्यंत लोंबायला हवी ती. इथे पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचेल का? याला कुणाला हाक मारायचीच नाहीये."

फूटपट्टी दोरीकडे बघत राहिला. घरची दोरी त्यानेच बसवली होती. 'घंटा वाजवून माणसं बोलवायला मी काय राजा आहे का?' असं म्हणून दादाने ती खिळ्याला गुंडाळली, आणि रोजच्या कटकटीला कंटाळून फूटपट्टीनेही ती तशीच राहू दिली. दादा गेला त्या सकाळी फूटपट्टी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता. न्हाणीघरात नळ वाहत होता. दादा दाढी करत असेल, असं त्याला वाटलं. नळ वाहतच होता. त्याने पेपरचं शेवटचं पानसुद्धा वाचलं.

"कुठे असतात तुमचे दादा?" बाईने विचारलं. "एकदा भांडायचंय त्यांच्याशी."

"नाहीत आता."

बाईने दोरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "असेच? पडून?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि इथली दोरी कुणी गुंडाळली?"

"मीच. तो गुंडाळायचा, म्हणून... सगळं त्याच्यासारखं करत गेलो. कळलंच नाही मला."

बाहेर कुणाचं तरी भाषण संपलं, टाळ्या झाल्या. बाईने कीव केली नाही, समजूतही घातली नाही. नुसती दोरीकडे बघत राहिली, आणि शेवटी त्यालाही बघावंच लागलं.

तो पुढे झाला. गाठ त्याने स्वतःच मारलेली, चांगली पक्की. एका हाताने सुटेना. मग त्याने दुसराही हात लावला. वेढे एकेक उलगडत गेले आणि दोरीचं टोक फरशीला टेकलं. ते टोक हातात धरून तो तिथेच उकिडवा बसला, आणि गेले दोन महिने ज्याला सगळे घट्ट मनाचा म्हणत होते तो माणूस गदगदून हलू लागला. दारात मिस्त्री येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर उजव्या दांड्यांचं पोतं होतं. आत डोकावून तो आल्या पावली मागे सरकला.

"मिस्त्री," फूटपट्टी वर न बघता म्हणाला, "सगळीकडे लाव. दोन्हीकडे. आणि दोऱ्या सोड खाली."

"सगळ्या, साहेब?"

"सगळ्या."

मिस्त्री गेला. बाईने पर्समधून रुमाल काढून पुढे केला. फूटपट्टीने डोळे पुसले, नाक पुसलं, रुमाल परत करावा की ठेवून घ्यावा हे न कळून हातातच धरला.

"त्याला हे मुळीच आवडलं नसतं," तो म्हणाला.

"नसतंच आवडलं," बाई म्हणाली. "मला मात्र ते आवडले असते. खूप भांडलो असतो आम्ही."

तो पुन्हा रडायच्या बेतात आला. बाईने खुर्चीत जरा चुळबुळ केली.

"हे बघा, रडा तुम्ही. चांगलं पोटभर रडा. पण बाहेर जाऊन, आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या. मी इथे ज्या कामाला आलेय, ते मघापासून थांबलंय हो!"