पाणी जाईल तिथवर

सोमवारी सकाळी देवराई सुलभा धुरीच्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापाशी थांबली. हद्दीचा दगड दात उगवावा तसा फरशीतून वर आला होता. दगडाच्या अलीकडे सुलभा चहा गाळत होती. पलीकडे तिची लेक मनवा पाटावर बसून भाकरी खात होती.

आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. गावानं हे आपल्या तोंडानं मागून घेतलं होतं. वाळूवाल्यांनी नदी पार खरवडून काढली होती. पाट्या लावल्या, दंड ठेवला, पण कुणी भीक घातली नाही. देवराईतली मात्र वाळकी काडीही कुणी बाहेर नेत नाही. तेव्हा नदीच देवराईत घालू, असं शहाण्यांनी ठरवलं. गाऱ्हाणं घालायचा मान बाबल गावकरांचा. त्यांनी नारळ ठेवून देवाला सांगितलं, की हे पाणी जाईल तिथवर तुझी हद्द. लोक गरजले, "व्हय म्हाराजा!" त्यात सुलभाचा आवाज सगळ्यांत मोठा. पाणी कुठे कुठे जातं, हे त्या उत्साहात कोण बघतो!

पाणी शेतांत मुरलं, विहिरींत उतरलं, भिंतींतून चढलं आणि दगड त्याच्या मागोमाग निघाले. कदमांची म्हैस आत गेली ती आतच राहिली. कदमांनी दावं ओढायला हात आत घातला, तो हात परत आला नाही. आता कदम गोठ्याच्या दारात उभे असतात आणि त्यांच्यावर मिरवेल चढली आहे. नदी मात्र काठोकाठ भरून वाहत होती आणि गाव खूश होतं.

सुलभानं गाळणी खाली ठेवली. तिनं गावकरांना बोलावलं. ते विकतच्या पाण्याची बाटली घेऊन आले आणि दगडापासून चार हात लांब उभे राहिले.

"गाऱ्हाणा परत घाला. शब्द मागे घेया," सुलभा म्हणाली.

"देवाक दिलेला मागे घेतत? नदी बघलंस मा कशी व्हावता ती?"

"माझा चेडू आसा ता. लाकूड नाय."

"रायेक त्येतला काय कळता? तू फक्त हात लावू नको."

मनवाच्या पाटाला कोंब फुटला होता. तिच्या पायाची बोटं फरशीच्या सांध्यांत शिरत होती. तिला दुखत नसावं, कारण ती भाकरी संपवून ताट पुसत होती. सुलभाला रडू आवरेना.

"आये, रडतंस कित्याक?" मनवा म्हणाली. "माझी वेणी घाल. शाळेक उशीर होता."

ती पाठ करून बसली. सुलभानं फणी घेतली आणि उजवा हात दगडापलीकडे नेला. हात कोपरापर्यंत गार पडला. तिनं केस विंचरले, भांग पाडला.

"सुलभा, एक हात तरी भायर ठेव!" गावकर ओरडले.

"एका हातान वेणी घालूक येता?" ती म्हणाली आणि तिनं डावा हातही आत घातला.

केसांत कोवळी पालवी होती. सुलभानं ती तीन पेडांत सारखी वाटली आणि वेणी घट्ट वळायला घेतली.