गोल गोट्यांची चढण

स्तानोये आणि वितोमिर या भावांच्या वाटण्या ज्या वर्षी झाल्या, त्याच वर्षी मला मोरावा नदीच्या काठी आणले. मित्रांनो, मी एक जुना रबरी पट्टा आहे. लोखंडी लाटण्यांसारख्या रुळांवरून फिरत खालचा माल वर नेणे एवढेच माझे काम. त्याआधी मी एका वाळूच्या खाणीत होतो. वाळू गुणी असते. अंगाला चिकटून बसते आणि कितीही वर न्या, कुरकुर करत नाही.

धाकट्या स्तानोयेच्या वाट्याला नदीकाठची अरुंद पट्टी आली. मोठ्या वितोमिरला शेजारची आलुबुखाऱ्याची बाग मिळाली. मध्ये कुंपण पडले आणि भावांचे बोलणेही त्या कुंपणापाशीच थांबले. स्तानोये नदीतले गोटे काढून विकू लागला. गोटे ट्रकमध्ये भरायचे तर आधी उंच टाकीत चढवून तिच्यातून खाली सोडावे लागत. त्याने मला मी खाणीत होतो तितकेच तिरके उभे केले.

"वाळू चढली, तर गोटे का नाही चढणार?" तो म्हणाला.

पण नदीने हजारो वर्षे घासलेले गोटे ते! गुळगुळीत, गोल. सुरू होताना मला हिसका बसला की वरचा गोटा हलायचा, आपल्याबरोबर चार सोबती घ्यायचा आणि टणटणत खाली यायचा. पाऊस पडून मी ओला झालो की विचारूच नका. खाली माझ्या पायथ्याशी स्तानोयेची बायको देसांका उभी असायची, गोट्यांतली मुळे नि काटक्या वेचत.

एके दिवशी ती मुरंबा शिजवायची तांब्याची कढई डोक्यावर पालथी घालून आली.

"हे काय सोंग?" स्तानोये हसला.

"लढाईला आलेय. तू वरून मारा करतोस, मी खालून झेलते."

"पट्टा जरा पळवतो जोरात, म्हणजे दगडांना खाली यायला वेळच मिळणार नाही."

"त्यापेक्षा तुझं डोकं पळव. याला झोपव जरा. उतार कमी कर."

"झोपवायचा तर लांब करावा लागतो, बाई. आणि लांब करायला जागा कुठाय? पलीकडे दादाची झाडं आहेत."

"मग विचार ना दादाला."

दादाला विचारण्याऐवजी स्तानोयेने गोटे अडवायला माझ्या अंगावर रबराच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. मी खालच्या बाजूने परत फिरताना त्या रुळांत अडकून उखडल्या. मला फार वाईट वाटे. माझ्याच अंगावरून दगड सुटत होते आणि मला हात नव्हते.

ऑक्टोबरच्या एका ओल्या सकाळी मी सुरू झालो आणि नारळाएवढा गोटा वरून निघाला. कढईने डोके वाचवले, पण तो ठणकन उडून देसांकाच्या मनगटावर बसला. हाड मोडले.

नोव्हेंबरात त्यांच्या कुळाच्या संताचा दिवस येतो. त्या दिवशी घरची बाई पावासारखी जाड, मोठी पोळी करते, मेणबत्ती लागते आणि पाहुणे आमंत्रणाची वाट न पाहता येतात. दोघा भावांचा संत एकच. वेगळे झाल्यावर दोघांनाही त्याच दिवशी आपापल्या घरी पाहुण्यांपाशी थांबावे लागे. त्यामुळे सणालाही एक भाऊ दुसऱ्याकडे जात नसे. यंदा मात्र देसांकाला एका हाताने पीठ मळता येईना. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवले, चूल थंड राहिली. स्तानोये माझ्यापाशी येऊन नुसता बसला.

तेवढ्यात कुंपण करकरले. आपले पाहुणे घरात तसेच सोडून वितोमिर आला होता. त्याच्या काखेत अर्धी पोळी होती.

"तुझ्या धुराड्यातून धूर दिसेना. म्हटलं मेलास की काय."

"देसांकाचा हात मोडलाय, दादा."

"कसा?"

स्तानोयेने बादलीभर गोटे माझ्यावर ओतले. मी स्थिर होतो, तरी ते घरंगळत वितोमिरच्या बुटांपाशी आले.

"अरे, मग खाली घे की याला!"

"लांबी लागते."

"आणि लांबीला?"

"तुझी आलुबुखाऱ्याची झाडं."

"गाढवा," वितोमिर म्हणाला, "तोंड काय शिवलं होतं तुझं? झाडं मी पुन्हा लावीन. ही पोरगी कुठून आणणार होतो आपण?"

"भावजी, आता पोरगी म्हणता होय!" दारातून देसांका ओरडली. "आत या, पोळी गार होतेय."

वसंतात दोघांनी मिळून कुंपण नि वाटेतली झाडे काढली. मला नवा तुकडा जोडला. आधी मी बंद असताना माझ्यावर गोटे ठेवून टोक हळूहळू उचलले, कधी घरंगळतात ते पाहिले, आणि हिसका नि पाऊस धरून त्याच्याही बऱ्याच खाली मला बांधले. खाणीतल्या चढणीच्या जेमतेम निम्मी चढण राहिली. मी बागेत लांबलचक पसरलो. पुढे माझ्यावरून एकही गोटा देसांकाच्या अंगावर गेला नाही.

आता मी चिरलो आहे. माझा एक तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून आहे. मित्रांनो, काहीही वर चढवताना आधी ते गोल आहे का बघा, आणि खाली कोण उभे आहे तेही बघा. जागा कमी पडली तर शेजाऱ्याकडे मागा. मागायला लाजू नका.

वितोमिर नवी झाडे फळाला आली त्या वर्षी थंडीत वारला. त्याच्या मागून पुष्कळ वर्षांनी, नातीच्या लग्नानंतरच्या मे महिन्यात, देसांका वारली. म्हातारी होऊन, आपल्या अंथरुणात, झोपेत.