खोटारडा ठरलेला ग्लुकोमीटर

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव गोड नाही. माणसाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि त्यात साखर किती ते सांगायचं, हे माझं काम. जे असेल ते सांगायचं, कमी नाही की जास्त नाही. आता यात माझा काय गुन्हा? पण कोसबाडच्या या घरात मला जेवढ्या शिव्या बसल्या, तेवढ्या वाडीत घुसणाऱ्या गुरांनाही बसल्या नसतील.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझी कसून परीक्षा घेतली, आणि मी बरोबर आकडा दाखवतो अशी खात्री पटल्यावरच मला पिशवीत घातलं. सोबत पट्ट्यांची डबी दिली, टोचणी दिली. डहाणूच्या एका औषधाच्या दुकानातून देवेशने मला विकत आणलं ते त्याच्या आईसाठी. त्याची आई म्हणजे हिरकणीबाई. चिकूची वाडी त्यांची, घर त्यांचं आणि घरात आवाजही त्यांचाच. बाईंना जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, आणि ते किती घ्यायचं हे डॉक्टरांनी माझ्या आकड्यावर ठरवून दिलं होतं. म्हणजे माझ्या शब्दावर त्यांचा जीव! एवढी मोठी जबाबदारी मिळाल्यावर मी किती फुशारलो होतो म्हणून सांगू.

सुरुवातीला कौतुकही झालं. शेजारपाजारचे लोक मला बघायला यायचे. देवेश सगळ्यांना सांगायचा, "आता डॉक्टर घरातच आलाय आमच्या." हे कौतुक पहिला मोठा आकडा दिसेपर्यंतच टिकलं. त्या दिवशी बाईंनी दोन कप गोड चहा प्यायला होता. मी खरं ते दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "मेलं अवलक्षणी मशीन! सकाळी सकाळी तोंड उघडलं की वाईटच बोलतं."

घरात दुसरी एक व्यक्ती होती, जिलाही असंच ऐकून घ्यावं लागायचं. ती म्हणजे देवेशची बायको, ऋचा. ती बोईसरची. केक फार सुरेख करते, लोकांच्या ऑर्डरी घेते. सासू-सुना एकमेकींना पाण्यात पाहायच्या. ऋचाने काय केलं, तर एक दिवस घरातली सगळी साखर काढून टाकली. साखरेचा डबा घासला आणि त्यात रवा भरला. ऑर्डरींचे केकही ती मैत्रिणीकडे जाऊन करायला लागली, कारण बाई रिकाम्या हाताने साखरेच्या बरणीजवळून कधी जायच्याच नाहीत. झालं! घरात महायुद्ध पेटलं. "माझ्या घरात मला साखरबंदी करतेस काय गो? तुझ्या बापाने आणली होती साखर?" बाईंचा आवाज पार झाडाखाली बसलेल्या मजुरांपर्यंत गेला.

मग सुरू झाला साखरेऐवजी काय घालायचं याचा शोध. ऋचाने आधी साखरेविना गोडवा देणाऱ्या त्या बारीक पांढऱ्या गोळ्या आणल्या. चहात बऱ्या लागल्या. केकमध्ये घातल्या तर भट्टीच्या उष्णतेने त्यांचा गोडवाच उडाला. बाईंनी एक घास खाल्ला आणि बशी सरकवली. "माती बरी लागेल यापेक्षा."

त्यावर देवेशने अक्कल पाजळली. तो ताडगूळ घेऊन आला. "आपल्या इकडचा आहे, नैसर्गिक आहे, याने काय होतंय?" बाई खूश, लेक खूश. मी मात्र आकडा दाखवला तो असा, की देवेशने मला टेबलावर आपटलं. अरे बाबा, गूळ ताडाचा असो नाहीतर उसाचा, रक्तात गेल्यावर ती साखरच! पण माझं ऐकतो कोण?

ऋचाने हार मानली नाही. पुष्कळ केक वाया घालवल्यावर तिला जमलं. चहा-सरबताला स्टीव्हिया नावाच्या गोड पानाच्या अर्काचे थेंब, तेही बेतानेच, कारण जास्त पडले की कडू लागतात. केकसाठी एरिथ्रिटॉल नावाची साखरेसारखी दाणेदार पावडर. मैद्यानेही शुगर वाढते हे तिने माझ्याच आकड्यांवरून ओळखलं आणि मैद्याऐवजी बदामाचं पीठ घेतलं. बाईंनी नाक मुरडत का होईना, तुकडा संपवला. नंतर माझा आकडा पाहून ऋचा चक्क हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाई मात्र पुटपुटल्या, "काय केमिकल घालते देव जाणे."

आता त्या दिवसाचं सांगतो. आठवलं की अजून माझा संताप होतो.

चिकूच्या फोडी वाळत घालायचं काम चाललं होतं. बाई सकाळपासून अंगणात मजूर बायकांबरोबर चिकू सोलत बसल्या होत्या. मध्येच ऋचाने केलेल्या केकचा तुकडा त्यांनी खाल्ला. जेवणाची वेळ झाली तशी आत आल्या, हात पदराला पुसले आणि बोट टोचून माझ्यापुढे धरलं. मी थेंब ओढला. देवा रे! रक्ताबरोबर चिकूचा चिकट पाकही आला. मला बापड्याला रक्त कुठलं आणि चिकू कुठला हे काय कळणार? जेवढी साखर आली तेवढी दाखवली. तीनशेच्या वर.

बाईंचं डोकंच फिरलं. "साखरच घातलीस ना केकात? मला मारायला बसलीस तू!"

ऋचा म्हणाली, "आई, देवाशप्पथ नाही घातली."

"शपथा घेऊ नकोस! हे मशीन खोटं बोलतंय का मग?"

वा रे वा! इतके दिवस मी खोटा होतो, आणि सुनेवर खापर फोडायची वेळ आली तेव्हा मी एकदम खरा झालो. देवेशही आईच्या बाजूने. "कबूल कर ना, ऋचा, चुकून पडली असेल." ऋचाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

बाईंनी माझ्या आकड्याप्रमाणे इन्सुलिन वाढवलं, वर रागाच्या भरात आणखी थोडं टोचून घेतलं. आणि मग रुसून बसल्या. "या घरात मी जेवणार नाही." ताट तसंच झाकून राहिलं. मित्रांनो, इन्सुलिन घ्यायचं आणि जेवायचं नाही, यापेक्षा मोठा वेडेपणा नाही. मी टेबलावर पडून हे सगळं बघत होतो. ओरडायला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

थोड्या वेळाने बाईंना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. ऋचा धावत आली. ओल्या फडक्याने बाईंचं बोट पुसलं आणि मला लावलं. मी आकडा दाखवला, पन्नासच्या खाली.

"साखर उतरलीय! लगेच साखर द्यायला हवी," ऋचा ओरडली.

"वेडी झालीस का? मघाशी तीनशे आणि आता पन्नास? मशीन बिघडलंय," देवेश म्हणाला. "आधीच शुगर वाढलीय, त्यात आणखी साखर घालतेस?"

बिघडलंय म्हणे! मी आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

बाई कण्हायला लागल्या तसा देवेश घाबरला. फ्रिजमधलं लिंबू सरबत काढून त्याने आईच्या तोंडाला लावलं. "हे घे आई, गोड आहे."

"अहो, त्यात थेंब आहेत! जिभेला गोड लागून काय उपयोग? रक्तात काहीच जायचं नाही त्याने!"

"मग तू साखर ठेवलीस कुठे घरात?"

यावर ऋचाचा चेहरा पांढराफटक पडला. खरंच, चमचाभरही साखर नव्हती. ती अनवाणी अंगणात पळाली. चिकू सोलायला येणारी शुक्री तिथे चुलीवर मजुरांचा चहा ठेवत होती. "काय झालं बाय?" म्हणून शुक्रीने विचारलं, तोवर ऋचा तिची साखरेची पुडी घेऊन परत फिरलीही होती.

दारात देवेशने तिचा हात धरला. "थांब जरा, डॉक्टरांना फोन लावतो."

"हात सोडा! आई जातील, कळतंय का तुम्हाला?"

तिने त्याला ढकललं. पाण्यात साखर ढवळली आणि बाईंना बसतं करून घोट घोट पाजलं. बाई गिळत होत्या, देवेश फोन कानाला लावून नुसता उभा होता. हळूहळू घाम थांबला. बाईंनी डोळे नीट उघडले. ऋचाने मला पुन्हा लावलं आणि मी चढता आकडा दाखवला. तेव्हा कुठे फोनवर डॉक्टर सापडले. म्हणाले, वेळेवर साखर दिलीत म्हणून बरं.

संध्याकाळी ऋचा मला उचलायला आली तर माझ्या अंगावर मुंग्या! दुपारी बाईंच्या चिकट बोटांचे ठसे माझ्या पोटावर उमटले होते, त्यांना लागलेल्या. ऋचा मुंग्यांकडे बघत राहिली. मग तिने देवेशला बोलावलं आणि त्याच्या हातात एक पिकलेला चिकू दिला. "सोला." त्याने सोलला. "हात पँटला पुसा. आता बोट द्या."

देवेशला मधुमेह नाही, तरी मी आकडा दाखवला तीनशेच्या घरातला. त्याची बोबडीच वळली. "आता साबणाने हात धुऊन या," ऋचा म्हणाली. तो धुऊन आला, बोट दिलं, आणि माझ्यावर अगदी साधा, निरोगी आकडा आला. पलंगावरून बाई सगळं बघत होत्या.

माफी? छे! या घरात माफी कुणी मागत नाही. देवेश मान खाली घालून बाहेर निघून गेला. मला आपटणारा हाच तो, पण "चुकलं बाबा" एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. ऋचाने दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानातून साखर आणली आणि एका लहान डबीत भरून बाईंच्या उशाशी ठेवली. बाईंनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "परत तसं झालं तर देवेशला विचारत बसू नकोस. तू सरळ माझ्या तोंडात घाल."

ऋचाने "बरं" म्हटलं आणि त्यांचे हात धुवायला तांब्याभर पाणी आणलं.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. साखरेऐवजी काय वापरायचं ते डॉक्टरांना विचारून खुशाल ठरवा, पण अडीअडचणीला खरी साखर हाताशी ठेवा. आम्ही कुणाचे लाड करत नाही आणि कुणाचा सूडही घेत नाही. बोटावर जे असेल तेच आम्हाला दिसतं. मला शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, मला सवय आहे. फक्त आधी हात धुऊन या.