चार बोटं उंच फळी

सोलापुरात उतार कुटला? सगळं ताटासारखं सपाट. पण माझ्या भावाला, शिवूला, खूळ उताराचंच. चार चाकांच्या लांब फळीवर उताणं झोपायचं, पाय पुढं करायचे आणि तुळजापूरच्या घाटातनं सुसाट खाली यायचं. ना ब्रेक, ना स्टेअरिंग. वळायचं तर अंग कलवायचं, थांबायचं तर बूट घासायचे. मेल्याला दुसरा खेळच सापडला न्हाय!

फळी आमच्या वडलांनी, आप्पांनीच करून दिली, आमच्याच वेल्डिंगच्या दुकानात. रस्त्याला टेकंल इतकी खाली. वळताना जड जायची, पण वेगात जराबी हलायची न्हाय.

मग एकदा आप्पा घाटात बघायला गेले. समोरनं उसाच्या ट्रॉल्या चढताना बघितल्या. घरी येऊन म्हणाले, "एवढा खाली झोपतोस, दिसणार कुणाला? फळी उंच करतो."

"नको आप्पा, उंच नको," शिवू म्हणाला. "वेगात डुलती ती."

"डुलू दे. ट्रॉलीखाली गेलास म्हंजे? उंच न्हाय करायची तर कटर घेतो आन् तुकडेच करतो. बोल!"

शेवटी आप्पांनी चाकांच्या दांड्यांवर लोखंडी ठोकळे बसवले आणि फळी चार बोटं उचलली. दुकानापुढच्या गल्लीत शिवूला ढकलून बघितलं. नुसता खांदा हलवला की फळी वळायची. "बघ, कशी ऐकतीया!" आप्पा लई खूश. अवो, गल्लीतल्या वेगाचं काय घेऊन बसलाय!

रविवारी आमी तिघं घाटात गेलो. शिवू वरनं सुटला. पहिलं वळण झोकात घेतलं. पुढं सरळ उतारावर वेग चढला आणि फळी थरथराया लागली. सावरायला त्यो जरा कलला की ती भलतीच वळायची. मग एका बाजूची चाकं उचलली. खालनं ट्रॉली येत व्हती. माझी किंकाळीच फुटली.

आमी पळत पोचलो तवा शिवू ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी पडलेला. श्वास न्हवता. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या तोंडावर टाकला, आणि उठून ट्रॅक्टरवाल्याची कॉलर धरली.

"डोळे फुटले व्हते का तुझे? दिसला न्हाय तुला?"

त्यो बिचारा म्हणाला, "दिसला की, काका. लांबनंच दिसला. म्हणून तर कडंला घेऊन उभा ऱ्हायलो. त्योच येऊन आदळला."

आप्पांच्या हातातली कॉलर सुटली. मला त्यांचा लई राग आला व्हता, पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी त्यांचा हात धरला आन् त्यांना कडंला बसवलं.