अस्वलाने फाडलेला तंबू

अर्लिस टॉर्गर्सनने कुंपणावर पसरलेल्या तंबूत नाक खुपसलं आणि जोरात श्वास ओढला.

"विकत घ्यायचाय की चावून बघायचाय?" म्हाताऱ्या एमेटने विचारलं. चाळीस वर्षं हौशी शिकाऱ्यांना मोंटानाच्या डोंगरात नेऊन आणल्यावर त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, आणि तो अंगणात सामान विकायला बसला होता.

"बुरशी शोधतोय."

"सापडली?"

"नाही. धूर, बेकन आणि घोडा."

"घोड्याचे वेगळे पैसे लावत नाही मी."

अर्लिसने कापड चिमटीत धरलं. जाड, सुती, हाताला भरणारं. छपरातल्या धुराड्याच्या भोकाची न जळणारी कडाही शाबूत होती. दोष एकच, पण तो रस्त्यावरून दिसत होता. मागच्या भिंतीवर अस्वलाने वरपासून खालपर्यंत चार रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांमुळेच तंबू साडेचारशे डॉलरला होता.

नवा कॅनव्हासचा तंबू त्याने गावातल्या दुकानात पाहिला होता. किंमत वाचून हात परत खिशात घातले होते. स्वस्तातला एक उजेडासमोर धरला, तर पलीकडचे दिवे मोजता आले. नायलॉनचा हलका होता खरा, पण त्यात चार माणसांचा श्वास छताला गोठतो आणि शेगडी पेटली की त्यांच्याच अंगावर पाऊस पाडतो. शिवाय धुराड्यातून एक ठिणगी पडली की आयती खिडकी.

तरी तंबू यंदाच घ्यायचा होता. एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला अर्लिस बावीस वर्षं मेव्हण्याच्या, लेलँडच्या, तंबूत जात होता. शिकारीच्या तळाचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून तो मोडतही नाही. ज्याचा तंबू, तो शेगडीशेजारी झोपतो, जागा वाटतो, आणि सकाळी पांघरुणातच त्याच्या हातात कॉफी येते. जो दाराशी झोपतो, तो सगळ्यांच्या आधी उठून शेगडी पेटवतो. गेल्या नोव्हेंबरात जागा वाटताना लेलँड म्हणाला होता, "अर्लिस दाराशी. त्याला सवय आहे."

थंडी अर्लिसने तळावरच सोडली होती. 'सवय आहे' मात्र त्याच्याबरोबर घरी आलं आणि हिवाळाभर राहिलं.

"दे बांधून," तो एमेटला म्हणाला.

"मागची बाजू बघितलीस ना?"

"तीच बघून घेतोय."

अर्लिस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. पोरांनी फाडलेल्या सीट तो तीस वर्षं शिवत होता. पोरांच्या मानाने अस्वल सभ्य होतं. निदान शिव्या लिहून गेलं नव्हतं. तीन रविवारांत त्याने मेणाच्या दोऱ्याने ठिगळं बसवली. मग तंबू अंगणात उभारला आणि नळी घेऊन त्याला पाणी घालत बसला.

नेमका तेव्हाच लेलँड आला. त्याच्या गाडीत कोरा तंबू होता, तीन हजारांचा, खिडक्यांवाला.

"काय रे, पाणी घालून वाढणारे का तो?"

"दोरा भिजून फुगला की सुईची भोकं बुजतात. तुझ्या नव्यालाही घाल, नेण्याआधी."

"माझा तीन हजारांचा आहे. त्याला आंघोळ लागत नाही."

"तुलाही लागत नाही, असं तुझी बायको सांगत होती," ओसरीवरून अर्लिसची बायको नोरीन म्हणाली. ती लेलँडची धाकटी बहीण, त्यामुळे तिला हे सगळं माफ होतं.

नोव्हेंबरात डोंगरात दोन तंबू शेजारी शेजारी उभे राहिले. अर्लिसने खांब पाइनचे, तिथेच तोडून केले. ड्वेन आणि रस, बरोबरचे दोघे, खिडक्या पाहून लेलँडकडे गेले.

"तुझ्याकडे अस्वल पुन्हा आलं तर?" रसने विचारलं.

"त्याला शिवण दाखवीन."

दुपारी ओलं बर्फ सुरू झालं. दोन्ही तंबूंत शेगड्या पेटल्या, छपरं तापली, बर्फ वितळू लागलं. शेजारून आधी हसणं ऐकू येत होतं. मग भांडी सरकवल्याचा आवाज. मग "इथेपण!" मग बराच वेळ शिव्या, त्याही नुसत्या नव्हेत, शिवणीगणिक वेगळ्या. चारच्या सुमारास लेलँड दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या टोपीवरून पाणी गळत होतं.

"तुझ्याकडे... कोरडं आहे का रे?"

"बघतो," अर्लिस म्हणाला, आणि गरज नसताना बराच वेळ छताकडे पाहत राहिला.

तिघं खाटा घेऊन आत आले आणि तशाच हातात धरून उभे राहिले. जागा सांगितल्याशिवाय खाट टेकवायची नसते. कंदिलाच्या उजेडात मागच्या भिंतीवरच्या चार शिवणी स्वच्छ दिसत होत्या. कोरड्या ठणठणीत.

"रस, तू तिकडे. ड्वेन, लाकडांजवळ." अर्लिसने शेगडीत एक ओंडका सरकवला. "लेलँड दाराशी."

"मला सवय नाही," लेलँड पुटपुटला.

"होते."

पहाटे अर्लिसला नेहमीच्या वेळी जाग आली. पाय आपसूक पांघरुणाबाहेर निघाले. त्याने ते परत आत घेतले. दाराशी लेलँड कुडकुडत काड्या ओढत होता. शेगडी धूर ओकत होती. धुराड्याची झडप बंद होती. अर्लिसला हे नुसत्या आवाजावरून कळलं. सांगायला चार शब्द पुरले असते.

त्याने डोळे मिटून घेतले आणि झोपलेल्या माणसासारखा श्वास चालू ठेवला.

अर्ध्या तासाने खांद्याला हात लागला. "घे," लेलँड म्हणाला. त्याचे डोळे धुराने लाल झाले होते.

अर्लिसने पडल्या पडल्या पेला घेतला. कॉफी जळकी होती आणि तोंडात चोथा येत होता. त्याने ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, आणि रिकामा पेला पुन्हा पुढे केला.