नदीच्या देवाची वाटी

सोळा भागांची ती कोरियन मालिका रुपालीच्या मोबाइलमध्ये भरून ठेवलेली होती, आणि रुपाली गेल्यापासून सत्यभामाबाई ती तिसऱ्यांदा पाहत होत्या. कडूबा, त्यांचा नवरा, कधी वैतागून म्हणे, "त्या चिनी लोकायचं तुले समजते तरी काय?"

कोरियन भाषा तर सोडाच, सत्यभामाबाई शाळेची पायरीसुद्धा चढल्या नव्हत्या. पडद्यावर खाली हिंदी अक्षरं पळायची, ती वाचून रुपाली आईला आपल्या बोलीत गोष्ट सांगायची. नदीला पूर येतो, गाव बुडायला लागतं, आणि गाव वाचावं म्हणून एक पोरगी नदीच्या देवासोबत निघून जाते. मागं राहते तिची भाजी विकणारी आई. मायलेकींनी शेंगा सोलता सोलता ही मालिका दोनदा पाहिली होती, नि दोन्ही वेळा रुपालीनं सगळं रंगवून सांगितलं होतं.

कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सांगितलं होतं की आता अळीची चिंता मिटली. गुलाबी अळीला मात्र हे कोणी कळवलं नाही. त्या साली फवारण्यांवर फवारण्या झाल्या. ड्रमात औषध कालवायचं काम सत्यभामाबाईंचं, पण त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती, म्हणून औषध कालवायला रुपाली गेली. उघडे हात, तोंडाला नुसता रुमाल. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळं संपलं. एकोणीस वर्षांची पोर! भेटायला येणारा जो तो म्हणे, "विसरा आता, बाई." ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पंधरा भागांतले रुपालीचे शब्द सत्यभामाबाईंना पाठ होते. शेवटच्या भागातले मात्र पुसट व्हायला लागले होते, आणि या भीतीनं त्यांना जेवण जाईना. शेवटी एका दुपारी त्यांनी शेजारच्या हैदर टेलरच्या मुबीनाला बोलावलं. ती रुपालीची वर्गमैत्रीण.

"तू वाच वं. रुपाली सांगे तसंच."

मुबीना वाचू लागली. नदीचा देव आईपुढं पाण्यानं भरलेली वाटी धरतो. "काकू, देव म्हणते, हे पे. म्हंजे तुले पोरीची आठवणच राहनार नाही. दुःखही नाही."

"थांब! काय वाचून राह्यली तू? ते पानी पेलं की मायले पोरगी रोज दिसते. म्हून तं ते पेते."

"काकू, इथं तं असंच लिहेल हाय."

पडद्यावर बाईनं वाटी रिकामी केली. मग बाजार. ती भाजी विकत होती, समोर नदीतून परत आलेली तिचीच पोरगी उभी होती, आणि आई हसून तिच्या हातात पालेभाजीची जुडी देत होती.

"आन् आता? आता तं ते ओळखते ना तिले?"

मुबीनानं पडदा पाहिला, काकूंचं तोंड पाहिलं. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलंही, पण जमलं नाही. "नाही, काकू. तिले इचारते, कोण्या गावची वं तू?"

सत्यभामाबाईंनी मोबाइल मांडीवर पालथा घातला. दोन्ही वेळा याच हसण्यावर त्या सुखानं रडल्या होत्या, आणि शेजारी बसून रुपाली गुमान शेंगा सोलत होती. आपल्या आईला खरा शेवट सोसायचा नाही, हे पोरीनं आधीच ओळखलं होतं.

"रुपालीले वाटे," त्या म्हणाल्या, "का कोनती माय असं पानी पेनार नाही."

"हाव, काकू."

"मी पेली असती, मुबीना. ते दवाखान्यातून घरी आनली ना, त्या दिशीच पेली असती. घटाघटा." त्यांचा आवाज फाटला. "बापानं तं तिचे कपडेबी देऊन टाकले. मीबी पेली असती, तं मंग रुपाली कोनाची राह्यली असती वं?"

सत्यभामाबाईंनी पदरानं तोंड झाकलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हंबरडा फोडला.