कोरी सोडलेली जागा

कडूबाला काहीही मागा, पहिलं उत्तर ठरलेलं: "नाही जमत." शिडी मागा, पंगतीसाठी मोठं पातेलं मागा, शेजारधर्म म्हणून दोन दिवस बैल मागा. नाही जमत. खडकवाडीतल्या जाणत्या माणसांना हे पाठ झालं होतं. ते सकाळी मागायचे आणि संध्याकाळी सरळ न्यायलाच यायचे, कारण तोवर म्हाताऱ्याचं मन विरघळलेलं असायचं. एका वस्तूला मात्र संध्याकाळचा हा नियम लागू नव्हता. ती म्हणजे त्याचं शेडनेट.

देऊळगाव राजाच्या बाजूला हिरव्या जाळीची ही घरं आता शेताशेतात उभी आहेत. कडूबाचं दहा गुंठ्यांचं होतं आणि त्यात मिरचीचं बियाणं निघायचं. उमलायच्या आधीच कळीतला नर, म्हणजे पुंकेसर, चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा. हजारो फुलं, आणि प्रत्येकाशी एवढी सोयरीक. दोन एकर कोरडवाहू असून नसून सारखीच. घराचं वर्ष निघायचं ते या दहा गुंठ्यांवर. कडूबाच्या हाताला या कामात तोड नव्हती. त्याच्या खालोखाल कोणाचा हात असेल तर तो सुनेचा, छायाचा.

ही छाया दोन वर्षांपासून गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. तिची प्रतीक्षा तिसरीत शिकायची. समितीचा अध्यक्ष पालकांपैकीच लागतो, तेव्हा गावानं विचार केला, कडूबाच्या अविनाशची बायको बरी आहे, दाखवू तिथं सही करील आणि गप बसेल. गावाचा अंदाज इतका सपशेल याआधी कधी चुकला नव्हता. बाईनं पहिल्याच आठवड्यात शाळेची फाईल घरी आणली आणि भाकरी थापता थापता वाचून काढली.

फाईलमध्ये गंमतच होती. शाळेच्या दोन्ही खोल्या चार वर्षांपूर्वीच धोकादायक ठरलेल्या. नव्या खोल्यांना निधी मिळेना, कारण कागदावर जुन्या उभ्या. जुन्या पाडता येईनात, कारण मग लेकरं बसवायची कुठं? छाया पंचायत समितीत गेली. तिथल्या बाबूनं मान वर न करता सांगितलं, "आधी पाडा, मग मागा." मधल्या काळाचं काय, असं तिनं विचारलं, तर म्हणे तो तुमच्या समितीचा विषय.

जूनमध्ये पत्रच आलं. या खोल्यांत मुलं बसवू नयेत. आठ दिवसांत पर्यायी जागा दाखवा, नाहीतर एकतीसही मुलं चार किलोमीटरवरच्या शाळेला जोडू. चार किलोमीटर आणि मध्ये नाला. पोरं व्हॅननं शहरातल्या इंग्रजी शाळेत जातील आणि पोरी घरी बसतील, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं.

शाळेच्या अंगणात समितीची सभा भरली. कडूबा सहजच ओट्यावर येऊन बसला होता, म्हणजे मुद्दाम. महादेवाचं देऊळ चार माणसांत भरतं, ग्रामपंचायतीची खोली एकच. जागेचं नाव निघालं की सगळ्यांचे डोळे हळूच ओट्याकडे वळायचे. कडूबानं "नाही जमत" जिभेवर तयार ठेवलं होतं.

छायानं ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मुख्याध्यापक रमाकांत सरांना म्हणाली, "सर, लिहा. ठराव दोन. जुन्या खोल्या पाडायले समितीची संमती. पर्यायी जागा…" आणि थांबली. "तेवढी जागा कोरी सोडा. उद्या सकाळी भरू."

घरी आल्यावर तिनं इतिवृत्ताचं ते रजिस्टर कोनाड्यात ठेवलं आणि कामाला लागली. कडूबा वाट पाहत बसला. आता विचारील, मग विचारील. जेवण झालं, भांडी झाली, प्रतीक्षाचे पाढे झाले. छाया काही विचारीना. तयार ठेवलेला नकार कोणी मागायलाच येत नाही, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. त्याला चक्क राग आला.

"तू मले इचारलं काऊन नाही?" शेवटी तोच म्हणाला.

"काय मामाजी?"

"नेटाचं. साऱ्या गावाचे डोळे माह्यावर होते."

छायानं हात पुसले. "इचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं. अन् नेटाच्या गोष्टीत एकदा नाही म्हटलं की तुम्ही फिरत नाही. नेट तुमच्या कष्टाचं आहे, मामाजी. साऱ्यायच्या समोर तुम्हाले कोंडीत कशी पकडू?"

कडूबा तसाच उठून अंथरुणाकडे गेला. सकाळी त्यानं स्वतःच कोनाड्यातलं रजिस्टर काढलं आणि शाळेत सरांपुढे ठेवलं. "लिहा, कडूबाचं शेडनेट. अन् पुढं लिहा, एकाच हंगामासाठी. मोठ्या अक्षरात लिहा."

जुन्या खोल्या गावानं श्रमदानानं पाडल्या. जाळीतून पाऊस गळतो, म्हणून घराघरांतून सोयाबीन झाकायच्या ताडपत्र्या आल्या आणि कडूबानं त्या वर ताणून बांधल्या. खाली मुरूम अंथरला. जिथं मिरची लागायची तिथं बाराखडी लागली. पण त्या वर्षी घरात बियाण्याचं पीक नव्हतं. सून आणि सासरा, दोघंही दुसऱ्यांच्या नेटात रोजानं जाऊ लागले. ज्यांना कडूबानं चिमटा धरायला शिकवला होता, त्यांच्या हाताखाली तो खाली मान घालून फुलं बांधायचा. छायाच्या तोंडून एकदाही कुरकुर आली नाही. कडूबा मात्र रोज कुरकुरायचा, दोघांच्या वाट्याची. पुढच्या जूनसाठी त्यानं मिरचीची रोपं आत्तापासूनच सांगून ठेवली होती आणि तेवढ्यावर दिवस काढत होता.

फेब्रुवारीत बुलढाण्याहून नव्या खोल्यांबाबत बोलावणं आलं. छायाबरोबर कडूबाही निघाला. चिखलीवरून जाताना बसमध्ये तिनं आपलं बोलणं त्याला तीनदा म्हणून दाखवलं. तिन्ही वेळा ते ऐकताना त्याला वाटलं, या पोरीला कोणी हरवू शकणार नाही.

जिल्हा परिषदेच्या त्या दालनात जांभळी गावच्या शाळा समितीची अध्यक्ष धम्मशीलाही आलेली होती. शिक्षण विभागाच्या मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "मागितल्या होत्या बारा खोल्या, मंजूर झाल्या दोन. त्या एकाच शाळेला द्याव्या लागतील. खडकवाडी आणि जांभळी, दोघांचेही कागद पूर्ण आहेत. तुमचं म्हणणं मांडा, नाहीतर मला चिठ्ठी टाकावी लागेल."

छाया उठली. बसमधलं पहिलं वाक्य तिच्या ओठावर आलं असावं, पण तिनं वळून धम्मशीलाला विचारलं, "ताई, तुमचे लेकरं सध्या कुठं बसतात?"

"चिंचेखाली. पाणी आलं की सुट्टी."

"किती दिवस झाली अशी सुट्टी?"

धम्मशीलानं पिशवीतून वही काढली. "त्रेचाळीस. आठ पोरी तर आता येणंच सोडून राह्यल्या."

"मॅडम," छाया म्हणाली, "आमच्या लेकरायच्या डोक्यावर ताडपत्री तरी आहे…" आणि तिथंच अडली. ताडपत्री होती खरी, पण ती ज्या खांबांवर होती ते तिचे नव्हते. ठरावात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, एकाच हंगामासाठी. तिनं मागं पाहिलं नाही. सभेतही पाहिलं नव्हतं.

कडूबा शेवटच्या खुर्चीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याला सांगून ठेवलेली रोपं आठवली. परक्या नेटातलं वर्ष आठवलं आणि तसंच आणखी एक वर्ष डोळ्यांपुढे आलं. सत्तरीला टेकलेल्या माणसाला वर्ष म्हणजे काही थोडं नसतं. त्याला हेही ठाऊक होतं की ही बाई याही वेळी आपल्याला विचारणार नाही. आपण गप्प बसलो तर ती तयारीचं बोलणं बोलेल, कदाचित दोन्ही खोल्या जिंकूनही आणील, आणि घरी आल्यावर अवाक्षर काढणार नाही. तिच्यापुढे आपण फार लहान माणूस आहोत, असं त्याला वाटलं; आणि अशी सून आपल्या घरात आहे म्हणून ऊर भरून आला. दोन्ही एकाच वेळी झालं.

"जमते," तो मोठ्यानं म्हणाला.

मॅडमनी मान वर केली. "काय जमतं, बाबा?"

"आणखी एक साल जमते. शाळा माह्या नेटात राहू द्या. खोल्या जांभळीले द्या."

धम्मशीलानं हात जोडले. छायानं डोळे पुसले आणि लगेच टेबलाशी जाऊन उभी राहिली. "मॅडम, पुढल्या वर्षीच्या यादीत खडकवाडी पहिल्या नंबरावर, हे आत्ताच कागदावर घ्या. सही-शिक्क्यानं." मॅडम हसल्या आणि त्यांनी खरोखरच लिहून दिलं.

परतीच्या बसमध्ये मात्र छाया पदराआड रडत होती.

"आता काऊन रडून राह्यली?" कडूबा खेकसला.

"मामाजी, तुम्ही आज संध्याकाळची वाटच नाही पाह्यली."

कडूबा खिडकीबाहेर पाहू लागला. "संध्याकाळपर्यंत थांबलो असतो," तो म्हणाला, "तर त्या जांभळीच्या बाईची गाडी निघून गेली असती."

दुसऱ्या दिवशी त्यानं रोपवाटिकेत फोन करून यंदा रोपं नकोत म्हणून सांगितलं. मग शाळा भरायच्या आत ताडपत्रीच्या सैल पडलेल्या दोऱ्या एकेक करून आवळून घेतल्या.